गेरूची रेघ

ते चित्र आमच्याकडे तीन आठवडे उसनं होतं.
द ब्रेकूर साहेबांचा नोकर रोज संध्याकाळी यायचा,
चामड्याची पिशवी उघडून चित्र जागेवर आहे ना बघायचा,
आणि शिंकत शिंकत जिना उतरायचा.
आम्लाचा वास त्याला सोसत नसे.
आम्हाला तो वास आता येतही नाही.

एवढासा कागद. कडेला पाण्याचा डाग.
पाठमोरी बसलेली एक बाई, केस वर बांधलेले.
दोनशे वर्षांपूर्वी रोममध्ये कुणीतरी गेरूचा खडू घेऊन
तिच्या मानेपासून कमरेपर्यंत
एक रेघ ओढली होती. एका श्वासात.
केरुएल भिंग खाली ठेवत म्हणाला,
"पेरीन, ह्या रेघेला नऊ दिवस."

खडू कागदावर सगळीकडे टेकत नाही.
उंचवट्यांवर सांडतो, खळग्यांवरून उडी मारतो.
तांब्याला हे कुठलं ठाऊक?
तांबं गुळगुळीत, त्याला एकेक उडी शिकवावी लागते.
म्हणून मेण, म्हणून मेणावर धरलेली काजळी,
म्हणून दातेरी चाकं. अकरा होती आमच्याकडे.
त्यातल्या एकाचे दात मी मुद्दाम कानशीने वेडेवाकडे केले,
कारण खरा खडू कधी रांगेत चालत नाही.

आणि सगळं उलटं, आरशात बघून.
तिचा डावा खांदा माझ्या उजवीकडे.
पाचव्या दिवशी सँ-झाक गल्लीत कुणी हाक मारली
तर मी भलत्याच बाजूला वळले.

कोपराशी तो चुकला होता.
पहिली रेघ लांब गेली, मग आतून दुसरी, दाबून.
पहिली पुसलीसुद्धा नाही.
बाई अवघडली असेल, नाहीतर जेवायची वेळ झाली असेल.
त्याची चूक बिनचूक उतरवायला
मला दीड दिवस लागला.

"डागाचं काय करू?"
"डाग पाण्याने काढलाय," केरुएल म्हणाला,
"पाण्याचे पैसे कोण देणार?"

मग आम्ल. पत्र्यावर येणारे बुडबुडे
हंसाच्या पिसाने बाजूला सारत बसायचं,
पाळण्यातल्या पोरावरच्या माश्या हाकलाव्यात तसं.
मग तेलात घोटलेला गेरू, तळहाताने पुसलेला पत्रा,
ओला कागद, दोन घोंगड्या, आणि चाकाची मूठ,
ती ओढायला केरुएलसुद्धा माझ्या मदतीला यायचा.

पहिला ठसा बघायला साहेब स्वतः जिना चढून आले.
तिच्या पाठीवरून बोट फिरवलं,
बोट उजेडात धरलं. स्वच्छ.
पुन्हा फिरवलं. पुन्हा स्वच्छ.
फसवले गेल्याच्या आनंदात ते इतके हसले
की टोपाची पावडर ओल्या ठशावर पडली.
"काय मोकळा हात आहे!" म्हणाले.
कुणाचा, ते मी विचारलं नाही.

एकशेवीस ठसे निघाले. खाली डावीकडे रोमवाल्याचं नाव,
उजवीकडे केरुएलचं.
काही दिवाणखान्यांत गेले, काही
गावोगावच्या चित्रशाळांत, बारा सूला एक.

नाताळात रुआँहून बहिणीचा ल्यूबँ आला.
"मावशी, बघ, मास्तरांनी नमुना दिला होता."
तीच बाई. तोच कोपर, चुकीसकट.
खडूला सुईसारखं टोक काढून
पोराने सगळी पाठ टिंबा-टिंबांनी भरली होती,
महिनाभर, जीभ बाहेर काढून बसला असणार.
वाकडे दातसुद्धा त्याने सोडले नव्हते,
कानशीने घासलेले, माझे.

"अरे, असं नसतं," मी म्हटलं. "ही एक रेघ आहे.
एका श्वासात. आण तो खडू."

त्याने आणला.
मी श्वास घेतला, खडू टेकवला,
आणि हात
थांबला,
उचलला,
थांबला.

ल्यूबँ म्हणाला, "मग, मी तेच केलंय ना?"